इंजिनाचा दुसरा धूर

गोंदिया जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, कोहमाऱ्याला किंवा देवरीला, धाब्यापुढे ट्रक लागलेले असतात. इंजिन चालू ठेवून चालक चहाला उतरला असेल, तर जरा वाकून पाहावं. मागच्या पाइपातून निघणारा धूर आपल्या ओळखीचा असतो. पण इंजिनाच्या पोटाशी जमिनीकडे तोंड करून आणखी एक नळी लोंबत असते. तिच्यातूनही निळसर वाफ फुसफुसत असते. नळीचं तोंड तेलानं काळं झालेलं असतं आणि खाली डांबरावर थेंबांचे डाग पडलेले असतात. ट्रक जितका जुना, तितकी वाफ दाट आणि डाग मोठे.

ही नळी म्हणजे ब्रीदर. गाडी उभी असली की तिची वाफ केबिनच्या फटींतून आत शिरते. चालकाचे डोळे चुरचुरतात आणि कपड्यांना जळक्या तेलाचा वास बसतो. मग आपल्या भागातला प्रत्येक मिस्त्री कधी ना कधी हे ऐकतोच : "मिस्त्री, हे नळी सायलेन्सरात टाकून द्या न जी, धूर केबिनमंधी येते."

मागणी अडाणीपणाची मुळीच नाही. एक धूर जिथून जातो तिथूनच दुसराही जावा, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेच्या प्रदूषण नियमांतही या जोडणीला जागा आहे. तरीही आपल्या रस्त्यांवरच्या ट्रकला ती करू नये, असं मी म्हणतो. का, ते समजायला आधी हा दुसरा धूर येतो कुठून ते पाहावं लागेल.

१. रिंगमधली फट

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते पेटतं. पेटल्यावर सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या शंभरपटीच्याही वर जातो. या दाबानं पिस्टन खाली ढकलला जातो आणि ट्रक चालतो.

पिस्टन आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्यामध्ये अडसर असतो तो रिंगांचा. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्यानं १८५२ च्या सुमारास धातूची चिरलेली रिंग बनवली आणि आजही तीच कल्पना चालते. रिंग एका ठिकाणी कापलेली असते, म्हणून ती लायनरवर स्वतःच्या ताणानं दाबून बसते. गरम झाल्यावर धातू फुगतो. त्यासाठी कापलेल्या टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट ठेवावीच लागते. ती ठेवली नाही, तर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

त्या फटीतून आणि रिंगच्या कडांवरून थोडा वायू निसटतो आणि खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोटात जातो. त्याच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. निसटणाऱ्या या वायूला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री "इंजिन बॅक मारतंय" म्हणतात तेही यालाच. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतो. तो नसलेलं इंजिन अजून कोणी बनवलेलं नाही.

किती वायू निसटतो याचा हिशोब करून पाहू. टाटांच्या कितीतरी ट्रकांत वर्षानुवर्षं कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन चाललं. ते मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या रीतीप्रमाणे प्रत्येक सिलिंडर १,२०० वेळा हवा घेतो. ५.९ गुणिले १,२०० म्हणजे सुमारे ७,००० लिटर. टर्बोनं ती दुप्पट दाबून भरली, तर मिनिटाला १४,००० लिटर हवा. चांगल्या इंजिनात याच्या अर्धा ते एक टक्का वायू खाली निसटतो, असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे पूर्ण भारावर मिनिटाला ७० ते १४० लिटर. रिंगा झिजल्या की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

या वायूत काजळी असते, कार्बन डायऑक्साइड असतो, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. विदर्भातलं हिवाळ्यातलं सर्वात कमी तापमान अनेकदा गोंदियात नोंदवलं जातं. अशा पहाटे तेल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला सायीसारखा पांढुरका थर दिसतो. तो म्हणजे हेच पाणी तेलात घुसळलेलं. इंजिन तापलं की तो जातो. तो जात नसेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे पाहावं.

शिवाय क्रँक तेलात सपासप फिरत असतो. त्यामुळे तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब या वायूत तरंगतात. ब्रीदरची निळसर झाक आणि चिकटपणा या तेलाच्या धुक्याचा असतो.

२. कोंडलं तर काय

हा वायू बाहेर गेला नाही, तर चेंबरमध्ये दाब वाढत जातो. सर्वात आधी हार मानतात ती ऑइल सील. क्रँकच्या दोन टोकांना रबराची सील असतात, ती तेल अडवायला असतात, दाब पेलायला नव्हे. त्यांच्यातून तेल पाझरू लागतं. मागचं सील गेलं की तेल क्लच प्लेटवर येतं आणि चढावर क्लच घसरतो. कधी तेल मोजायची गेज पट्टी आपोआप वर सरकलेली दिसते. टर्बोचं तेल वापस चेंबरमध्ये उतरतं तेही अडतं आणि टर्बो तेल ओकू लागतो. मग मालक म्हणतो, टर्बो गेला. हजारोंचा टर्बो बदलला जातो आणि आजार तसाच राहतो.

म्हणून ब्रीदर ही इंजिनाची गरज आहे. तिला बोळा घालून तोंड बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या गाड्यांखालचे तेलाचे डागही पाहिले आहेत.

३. लोंबती नळी

सर्वात जुनी आणि स्वस्त सोय म्हणजे नळी खाली सोडून देणं. गाडी धावते तेव्हा नळीच्या तोंडावरून हवा वेगानं जाते आणि तिच्यामुळे थोडी ओढ तयार होते. वाहत्या हवेची ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ६० किलोमीटरला ती जास्तीत जास्त १७ मिलिमीटर पाण्याएवढी होते. पाण्याचे मिलिमीटर हे माप या प्रकरणात पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून ते इथंच समजून घेऊ.

गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तशी पारदर्शक नळी घ्या. तिला इंग्रजी यू अक्षराचा आकार द्या आणि निम्मी पाण्यानं भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक गेज पट्टीच्या भोकात घट्ट बसवा. चेंबरमध्ये दाब असेल, तर एका बाजूचं पाणी खाली जाईल आणि दुसऱ्या बाजूचं वर चढेल. दोन्ही पातळ्यांमधला फरक म्हणजे चेंबरचा दाब. यंत्र महागडं नाही, पण आकडा खरा देतं. ट्रकच्या इंजिनांत हा फरक काही इंचांच्या आतच राहायला हवा. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

लोंबत्या नळीचा दोष उघड आहे. गाडी उभी राहिली की ओढ शून्य होते आणि धूर इंजिनाभोवती, म्हणजे चालकाच्या पायाखाली साचतो. अमेरिकेत २००५ साली शाळेच्या बसवर झालेल्या एका तपासणीनं याकडे लक्ष वेधलं. मागच्या पाइपाला उत्तम फिल्टर लावूनही बसमधल्या हवेत बारीक कण होतेच. त्यांचा मोठा भाग येत होता तो पुढच्या बाजूला, दाराजवळ उघडणाऱ्या ब्रीदरमधून. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जून २०१२ मध्ये जाहीर केलं. दिवसातले दहा-बारा तास केबिनमध्ये काढणाऱ्या माणसाला हा दुसरा धूर नको वाटतो, यात त्याचं काहीच चुकत नाही.

४. सायलेन्सरच्या ओढीचा हिशोब

धावत्या हवेनं ओढ तयार होते, तर धुराच्या पाइपात वायू त्याहून जोरानं धावतो. मग ती ओढ का वापरू नये? शर्यतीच्या गाड्यांत हे खरंच करतात. पाइपात एक तिरकी कापलेली नळी अशी बसवतात की तिचं तोंड धुराच्या दिशेनं, म्हणजे पाठमोरं राहील. मध्ये एक एकेरी झडप घालतात. त्या गाड्यांना बहुधा सायलेन्सर नसतो, इंजिन सतत उंच फेऱ्यांवर असतं आणि शर्यत काही सेकंदांत आटोपते. तिथं ही युक्ती चालते.

आपल्या ट्रकवर ती कितपत चालेल, ते आकड्यांत पाहू. मघाचे १४,००० लिटर आतून बाहेर पडताना ४०० अंश सेल्सिअसला असतील, तर ते फुगून सुमारे ३१,००० लिटर होतात. पाइपाचा आतला व्यास चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर धरू. त्यातून हा वायू सेकंदाला सुमारे ६६ मीटर वेगानं जाईल, म्हणजे ताशी २४० किलोमीटरला थोडा कमी. वेग मोठा आहे, पण गरम वायू हलका असतो. त्यामुळे ओढ फार तर ११७ मिलिमीटर पाण्याएवढी येते. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण नळीचं तोंड कधीच आदर्श नसतं.

तरी ११७ म्हणजे लोंबत्या नळीच्या सातपट. वाईट नाही.

आता हेच इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांवर, न्यूट्रलमध्ये घ्या. टर्बो झोपलेला, वायू जेमतेम १५० अंशांचा. वेग उतरतो सेकंदाला सहा मीटरवर आणि ओढ उरते दीड मिलिमीटर. ज्या वेळी धूर केबिनमध्ये येतो, म्हणजे गाडी धाब्यावर, नाक्यावर किंवा राइस मिलच्या रांगेत उभी असते, नेमकी त्याच वेळी ही जोडणी जवळपास काहीच ओढत नाही.

हा झाला ओढीचा हिशोब. पाइपात ओढीखेरीज दाबही असतो आणि खरी गोची तिथं होते.

५. मोरीतून उलटं पाणी

पावसाळ्यात रस्त्याकडेचा मोठा नाला तुंबला, की घरची मोरी कितीही साफ असली तरी पाणी तिच्यातून उलटं वर येतं. आपण मोरी नाल्याला जोडली ती नाला मोकळा आहे असं धरून. ब्रीदर सायलेन्सरच्या पाइपाला जोडणाऱ्यानंही असंच काहीतरी धरलेलं असतं.

सायलेन्सर धूर अडवतो, म्हणून त्याच्या आधीच्या पाइपात दाब साचतो. या दाबाला मिस्त्री बॅक प्रेशर म्हणतात. ट्रक इंजिनांच्या माहितीपत्रकांत त्याची कमाल मर्यादा ३ इंच पारा अशी सर्रास दिलेली आढळते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे ३ इंच पारा बरोबर ४१ इंच पाणी, एक मीटरहून थोडं जास्त. एकीकडे ११७ मिलिमीटरची ओढ आणि दुसरीकडे १,००० मिलिमीटरपर्यंतचा दाब. सायलेन्सरच्या आधी जोडणी केली, तर भारावर ब्रीदरमधून वायू बाहेर पडणं दूरच, धुराचा दाब उलट चेंबरमध्ये शिरायला पाहतो. गरम काजळी तेलात येते, तेल घट्ट काळं पडतं आणि सील फुटतात.

घाट उतरताना तर विचारूच नका. देवरीजवळच्या मासुलकसा घाटात भरलेला ट्रक उतरताना चालक एक्झॉस्ट ब्रेक लावतो. हा ब्रेक म्हणजे टर्बोपुढच्या पाइपातली एक झाकणी. ती मिटली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं. झाकणीआधीच्या पाइपात दाब दोन-तीन बारपर्यंत चढतो, म्हणजे वीस ते तीस मीटर पाणी. कोणी जोडणी नेमकी तिथं केली असेल, तर घाट संपेपर्यंत चेंबरचं काय होईल याची कल्पना करा.

एकेरी झडप घातली तर? तिच्यामुळे वायू उलटा शिरत नाही, हे खरं. पण झडप मिटलेली असेपर्यंत चेंबरचा वायूही कोंडलेलाच राहतो, म्हणजे आपण पुन्हा बोळा घातल्यासारखंच झालं. शिवाय ती झडप तेलाचं धुकं आणि गरम काजळी यांच्या मधोमध बसलेली असते. तेल भाजून तिच्यावर डांबरासारखा थर चढतो. काही दिवसांत ती उघडी चिकटते किंवा बंद चिकटते. कोणत्या बाजूला चिकटली, ते बाहेरून दिसत नाही.

उरली एक जागा : सायलेन्सरच्या पुढे, पाइपाच्या अगदी शेवटाकडे. तिथं दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो आणि ओढ मिळू शकते. शास्त्राच्या दृष्टीनं हीच एक जोडणी टिकते. पण तिथवर न्यायला तीन-चार मीटर नळी लागते. वाटेत ती कुठं झुकली, की त्या झोळात पाणी आणि तेल साचतं आणि वाट बंद होते. आणि एवढं करून मिळतं काय, तर उभ्या गाडीवर दीड मिलिमीटर.

६. तेलाचा प्रवास

समजा जोडणी जमली. तेलाचं धुकं आता सायलेन्सरमध्ये जाऊ लागलं. ते तिथं नाहीसं होत नाही. पाइप थंड असताना ते आतल्या पत्र्यांवर बसतं, काजळीत मुरतं. मग पूर्ण भारावर पाइप तापला की ते जळतं आणि मागून निळ्या धुराचा लोट निघतो. जास्तच साचलं असेल, तर ते पेटूही शकतं.

तेलाचं धुकं आणि उष्णता एकत्र आली की काय होतं, याचा फार मोठा धडा जहाजांनी घेतला आहे. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळ 'रेइना देल पॅसिफिको' या ब्रिटिश जहाजाची चाचणी फेरी चालू होती. त्याच्या डिझेल इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले आणि २८ माणसं मेली. आतला एक भाग तापला आणि तेलाचं धुकं पेटलं. जहाजांच्या मोठ्या इंजिनांवर आज दाब सोडणारी झाकणं आणि धुकं ओळखणारी यंत्रं असतात, ती अशाच अपघातांतून आलेल्या शहाणपणामुळे. ट्रकचं इंजिन त्या मानानं लहान, तिथं असा स्फोट होत नाही. पण तेल पिऊन बसलेला सायलेन्सर आणि त्याच्यावर लादलेली तणसाची गाडी हे काही सोबत ठेवण्यासारखं नाही.

यात पीयूसीचाही एक मजेशीर गुंता आहे. डिझेल गाडी तपासताना यंत्राची नळी मागच्या पाइपात घालतात आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून धुराची दाटी मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ पर्यंतचा आकडा चालतो. लोंबत्या ब्रीदरमधून कितीही धूर निघो, हे यंत्र त्याला पाहतच नाही. तीच नळी पाइपाला जोडली की काल पास झालेली गाडी आज नापास होऊ शकते. प्रामाणिकपणाची शिक्षा म्हणा हवं तर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे प्रदूषणाचे निकष मोडले, तर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे.

७. नियम काय म्हणतात

कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत १९६१ च्या मॉडेलपासून ब्रीदरचा वायू पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची व्यवस्था आली. लॉस एंजलिसच्या धुरक्यात या वायूचाही हात आहे, हे तोवर लक्षात आलं होतं. पेट्रोल इंजिनात हे सोपं होतं. त्याच्या थ्रॉटलमुळे आत निर्वात तयार होतो, तो वायू ओढून घेतो. शिवाय पेट्रोल इंजिनात दाबली जाते ती हवा आणि पेट्रोल यांची वाफ, म्हणून निसटणाऱ्या वायूत न जळलेलं इंधन भरपूर असतं. डिझेलमध्ये दाबली जाते नुसती हवा. त्यामुळे त्याचा ब्लो-बाय तुलनेनं सौम्य मानला गेला आणि टर्बो डिझेलला पुढे कितीतरी वर्षं सूट मिळाली.

सूट संपली ती मागच्या पाइपाचा धूर फार स्वच्छ झाला तेव्हा. अमेरिकेत २००७ च्या मॉडेलपासून अवजड डिझेल इंजिनांच्या चाचणीत ब्रीदरचा धूर हिशोबात धरावा लागतो. तो पुन्हा इंजिनात न्या, किंवा हवेत सोडलात तर त्याचं मोजमाप धुराच्या एकूण आकड्यात मिळवा. तो वायू धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या आधी पाइपात सोडला, तर तो हवेत सोडला असं धरत नाहीत. सुरुवातीला म्हटलं ती सायलेन्सर जोडणीची जागा हीच. पण कायदा जे करू देतो ते सगळंच करणं फायद्याचं असतं असं नाही. शुद्धीकरणाच्या आधीची जागा म्हणजे पाइपातली सर्वात जास्त दाबाची जागा.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. अवजड इंजिनांना काजळीची मर्यादा किलोवॅट-तासाला ०.०१ ग्रॅम इतकी खाली आली. युरोपच्या धर्तीवर ब्रीदरचा वायूही चाचणीच्या हिशोबात आला. इंजिनांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय. तिथल्या चाचणीत इंजिन पास होतं ते ब्रीदरसकट.

बीएस-६ ट्रकच्या पाइपात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि युरियाच्या टाकीवर चालणारी एससीआर यंत्रणा असते. तेलात मिसळलेले कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांचे क्षार जळून राख होते. काजळी डीपीएफ स्वतः जाळून टाकतो, राख जाळता येत नाही. ती तिथंच बसते आणि छिद्रं बुजवते. फॉस्फरस तर उत्प्रेरकालाही निकामी करतो. तेलाचं धुकं या यंत्रणेच्या तोंडात सोडणं म्हणजे लाखभर रुपयांच्या वस्तूला हातानं मारणं.

कारखाने म्हणून दुसरी वाट धरतात. ब्रीदर आधी एका विभाजकात नेतात. तिथं गाळणीवर किंवा वेगानं फिरणाऱ्या चकत्यांवर तेलाचे थेंब एकत्र येतात आणि चेंबरमध्ये परत उतरतात. उरलेला कोरडा वायू टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या पुढे सोडतात. तिथं थोडी ओढ असतेच. मग तो हवेसोबत इंजिनात जाऊन जळतो.

जुन्या ट्रकवर हीच जोडणी विभाजकाशिवाय करायची कल्पनाही काही जण लढवतात. ती सायलेन्सर जोडणीहून धोक्याची. डिझेल इंजिनाचा वेग आवरला जातो तो फक्त इंधन कमी करून. झिजलेल्या इंजिनानं हवेसोबत तेल ओढायला सुरुवात केली, तर ते तेलावरच पळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही आणि फेरे वाढतच जातात. हवेचं तोंड बंद केल्याशिवाय, किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडल्याशिवाय ते आवरत नाही.

८. मूळ दुखणं

ब्रीदर धूर ओकते तेव्हा बहुतेक वेळा ती रिंग आणि लायनर झिजल्याची बातमी देत असते. आणि आपल्या जिल्ह्यात ते लवकर झिजायला एक खास कारण आहे.

गोंदिया हा धानाचा आणि राइस मिलचा जिल्हा. शंभर किलो धान भरडलं की सुमारे वीस किलो तूस निघतं. हे तूस उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलच्या बॉयलरमध्ये जळतं आणि त्याची साधारण पाचवा हिस्सा राख होते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. वाळूत असतं तेच द्रव्य. मिलच्या आवारात, रांगेत, इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रक तुसाची धूळ आणि ही राख हवेसोबत ओढत असतो. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राची कोळशाची राख वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच. त्या राखेतही सिलिका भरपूर.

एअर फिल्टर नीट असेल, तर काही बिघडत नाही. पण फिल्टर फाटला, हवेनं उडवून उडवून त्याची छिद्रं मोठी झाली, किंवा फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी नळीची क्लिप ढिली झाली, की ही पूड सरळ सिलिंडरमध्ये जाते. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते. बोटानं ती नळी आतून पुसून पाहावी. बोटाला धूळ लागली, तर फिल्टरच्या पुढे गळती आहे. एवढं पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यानं इंजिनाचं आयुष्य कळतं.

ब्रीदरचा धूर वाढला की मिस्त्री एक सोपी परीक्षा घेतात. इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये चालू ठेवतात, तेल भरायचं झाकण काढतात आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवतात. झाकण जागेवर थोडं थरथरलं, तर ठीक. उडून पडलं, तर रिंगांचं काम जवळ आलं. मग वर सांगितलेली पाण्याची नळी लावून आकडा घ्यावा आणि पुस्तिकेशी ताडून पाहावा. टर्बो इंजिनात आणखी एक खातरजमा करावी. टर्बोची सील झिजली, तरी दाबाची हवा तेलाच्या वाटेनं चेंबरमध्ये उतरते आणि रिंगांवर नाहक आळ येतो. ब्रेकच्या हवेचा कंप्रेसरही तेच करतो. त्याची नळी क्षणभर सोडून पाहिली की कळतं.

काम निघेपर्यंत केबिनमधला धूर टाळायचा असेल, तर ब्रीदरला मूळ नळीपेक्षा जाड नळी जोडा. ती सतत उतार देत, कुठंही झोळ न पडू देता केबिनच्या मागे न्या. मध्ये तेल साठवणारा एक विभाजक डबा बसवा आणि तोंड उघडं, जमिनीकडे ठेवा. सायलेन्सरच्या पाइपापासून ते हातभर लांब असू द्या. डबा दर आठवड्याला रिकामा करा. त्यातलं तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. जुनं तेल विकत घेणारे असतात, त्यांना द्या.

बीएस-६ गाडीला मात्र यातलं काहीच करू नका. तिच्या ब्रीदरची गाळणी पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला बदला, एवढंच. ती तुंबली तरी चेंबरचा दाब वाढतो, आणि मालक विनाकारण इंजिन उघडायला निघतो. मान्यताप्राप्त रचनेत फेरफार केला, तर वॉरंटीही जाते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही आड येतं.

आणि जुन्या गाडीचा मिस्त्री वेल्डिंगची मशीन घेऊन आलाच, तर त्याला आधी गेज पट्टीच्या भोकाला पाण्याची नळी लावायला सांगा. तो आकडा पाहिल्याशिवाय सायलेन्सरला भोक पाडू देऊ नका.